बालरुग्णाशी संवाद

सुश्रुतांनी क्षीरप बालकाच्या विकारात औषध धात्रीसही, क्षीरान्नादात दोघांस व अन्नादात केवळ बालकास द्यावे असे सांगितले आहे. आपल्या चिकित्सालयात मात्र 10 वर्षांच्या मुलाची भूक, मलप्रवृत्ती, निद्रा यांविषयी आईच उत्तरे देते, आणि वैद्यही तिलाच विचारतात! प्रश्न मुलाला विचारावा. आईने मागाहून पुस्ती जोडावी. काढ्याची वेळ त्याने सांभाळावी, मात्रा मोजणे व बाटली मोठ्यांच्या हाती असावी. औषधविक्रेत्यांनीही पथ्य त्यालाच समजावून द्यावे. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी आपल्यासमोर दिली गेल्यास तेथेच थांबवावी; धास्तावलेले मूल दुखणे लपवते आणि निदान चुकते. रडणाऱ्या, न जेवणाऱ्या वा न ऐकणाऱ्या बालकाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकसंहितेत शारीरस्थानाच्या 8 व्या अध्यायात स्पष्टच म्हटले आहे.