टाके विरघळल्यानंतरचा तिरळेपणा

तिरळेपणाची शस्त्रक्रिया होते, पट्टी निघते, दोन्ही डोळे सरळ दिसू लागतात आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मग वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या फोटोत तोच डोळा पुन्हा बाहेर सरकलेला दिसतो आणि ‘ऑपरेशन फसलं’ असं सगळे म्हणू लागतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात. त्यांतला नाकाकडचा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ५.५ मिलिमीटरवर चिकटलेला असतो. सर्जन तो सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतो, म्हणजे त्याची ओढ कमी होते. ओढ वाढवायची असेल तर स्नायूचा तुकडा काढून तो आखूड करतो. स्नायू जिथून सुटतो, तिथे डोळ्याचं पांढरं कवच जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असतं आणि सुई त्या जाडीच्या आतच राहावी लागते. एवढं नाजूक काम चोख झालं, तरी डोळे दिवसभर एका रेषेत धरून ठेवायचं काम मेंदूलाच करावं लागतं.

१९६५मध्ये ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांच्या एका डोळ्याचा स्नायू कापून त्यांना तिरळं केलं. दोन्ही डोळ्यांना दिसत होतं. पण मेंदूतल्या दृष्टिकेंद्रात दोन्ही डोळ्यांना मिळून प्रतिसाद देणाऱ्या पेशी फारच थोड्या उरल्या. लहानपणी तिरळं झालेल्या मुलाच्या मेंदूतही ही जोडणी अशीच कच्ची राहते आणि ती टाक्यांनी पक्की होत नाही. कुणी म्हणेल, मग मोजमाप अधिक काटेकोर करा. अमेरिकेत अधूनमधून डोळा बाहेर जाणाऱ्या १९७ मुलांवर शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. तीन वर्षांअखेर असमाधानकारक निकालाचं प्रमाण एका पद्धतीत ४६ टक्के, तर दुसरीत ३७ टक्के निघालं आणि हा फरक निर्णायक ठरला नाही. प्रशिक्षित हातांनी, मोजूनमापून केलेल्या कामानंतरचे हे आकडे आहेत.

ही सर्जनची पाठराखण आहे, अशी शंका येईल. पण चुका होतात, स्नायू टाक्यातून निसटतोही. शस्त्रक्रियेनंतर डोळा एका दिशेला वळेनासाच झाला, तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठायला हवा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डोळा परत वळणारच असेल, तर शस्त्रक्रिया करायची कशाला? कारण दोन प्रतिमा जवळ आल्याशिवाय मेंदूला त्या जुळवताच येत नाहीत. ती संधी शस्त्रक्रिया देते. मात्र चष्मा कपाटात गेला किंवा आळशी डोळ्यासाठी सांगितलेली पट्टी मुलगा रडतो म्हणून सुटली, की ती संधी निसटू लागते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली, तर तो उपचाराचाच पुढचा टप्पा समजावा. त्यात मुलाला किंवा आईवडिलांना कमीपणा नाही. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. डोळा सरळ दिसत असला तरी ती चुकवू नका.