विंचवाचं बिऱ्हाड

30 मे 2016 रोजी वेम्ब्लीवर लीग टूच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना झाला, एएफसी विम्बल्डन विरुद्ध प्लिमथ आर्गाइल. इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर कोण चढणार, एवढाच त्या सामन्याचा विषय होता. सामना संपता संपता विम्बल्डनला पेनल्टी मिळाली आणि अदेबायो अकिनफेन्वाने ती जाळ्यात मारून 2-0 केलं. तेव्हा त्याचं वय होतं 34. लिथुआनियातून सुरुवात करून वेल्समधलं बॅरी, मग बॉस्टन, डॉनकॅस्टर, टॉर्की, स्वान्झी, नॉर्दम्प्टन, जिलिंगहॅम अशी गावं पालथी घालत तो इथवर आला होता. सामन्यानंतर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने जाहीर सांगून टाकलं की आपण आता बेकार आहोत, कुणा मॅनेजरला गरज असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवावं. लोक हसले, ती चित्रफीत भरपूर फिरली. पण त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. क्लब वरच्या पायरीवर गेला आणि त्याला तिथे नेणाऱ्यांपैकी एकाचा करार संपत आला होता.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. शब्द ऐकला की प्रवास डोळ्यांसमोर येतो आणि आपण त्याला फिरस्ता समजतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र दिवस, दिवसभराचं काम असा आहे. उमेदवारी संपवलेला, हातात कसब आलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर, तो जर्नीमन. फुटबॉलमध्ये या शब्दाला हळूहळू हिणवणीचा वास लागला. दहा-बारा क्लब बदलले म्हणजे पठ्ठ्या कुठेच टिकला नाही, त्याच्यात निष्ठा तरी कमी किंवा गुणवत्ता तरी, असा निष्कर्ष काढला जातो. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. त्याला फिरवतो तो त्याचा स्वभाव नव्हे, करारांचं वेळापत्रक. आणि त्या फिरण्यातून जे एक वेगळंच कसब तयार होतं, त्याच्यावर खालच्या विभागांचा सगळा डोलारा उभा आहे.

आधी वेळापत्रक पाहू. प्रीमियर लीगच्या 20 क्लबांखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू हे तीन विभाग आहेत, प्रत्येकात 24 क्लब. ऑगस्टपासून मेच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक क्लब लीगचे 46 सामने खेळतो, कपचे सामने वेगळे. शनिवारी दुपारी तीनला खेळायचं, मंगळवारी रात्री पुन्हा खेळायचं. हंगाम संपला की मे महिन्यात प्रत्येक क्लब यादी जाहीर करतो: कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं. करार साधारणपणे 30 जूनला संपतात. खालच्या दोन विभागांत एक-दोन वर्षांचे करार सर्रास असतात, आणि तिशी ओलांडलेल्याला तर बहुधा एकाच वर्षाचा कागद मिळतो. म्हणजे दर मे महिन्यात या माणसाची नव्याने परीक्षा होते. आपल्याकडे सरकारी बदल्यांचा हंगामही साधारण याच दिवसांत येतो, पण बदलीच्या हुकमात पुढच्या गावाचं नाव तरी लिहिलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप इतिहास जाणणाऱ्यांचा असेल, आणि तो वजनदार आहे. पूर्वी खेळाडूला फिरताच येत नसे. करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबच्या हाती राही. क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळणं अशक्य. जानेवारी 1961 पर्यंत आठवड्याला 20 पौंडांपेक्षा जास्त वेतन देण्यासही मनाई होती. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकासलविरुद्ध खटला लढवला, 1963 मध्ये न्यायालयाने ती जखडणूक अन्याय्य ठरवली. 1978 मध्ये करार संपल्यावर क्लब बदलण्याची मोकळीक मिळाली, तरी नव्या क्लबला भरपाई मोजावीच लागे. डिसेंबर 1995 मध्ये बेल्जियमच्या झ्याँ-मार्क बोस्मानच्या खटल्याने तीही अट मोडीत काढायला सुरुवात केली. एवढ्या लढ्यांनंतर मिळालेल्या स्वातंत्र्याला ओझं कसं म्हणायचं? मी त्या स्वातंत्र्याला ओझं म्हणत नाही, जुनी वेठबिगारी परत यावी असं कोण म्हणेल? पण एकाच कायद्याची चव वर आणि खाली वेगळी लागते. ज्याच्यासाठी पाच क्लब रांगेत उभे आहेत त्याच्या हाती करार संपण्याची तारीख हे शस्त्र असतं. ज्याला एकच क्लब विचारतोय, किंवा अजून कुणीच विचारलेलं नाही, त्याच्यासाठी तीच तारीख कड्याची धार होते. बोस्मान स्वतः काही मोठा तारा नव्हता, हेही विसरू नये. खटला जिंकूनही त्याची कारकीर्द धुळीला मिळाली आणि त्याच्या नावाने मिळालेला पैसा इतरांनी कमावला.

आता कसबाकडे येऊ, कारण बोललं जातं ते नेहमी फिरण्याबद्दल, कामाबद्दल फार कमी. गुरुवारी सही केलेला सेंटर-बॅक शनिवारी मैदानात उतरतो. मधल्या एका-दोन सरावांत त्याला काय काय शिकून घ्यावं लागतं ते पाहा. गोलकीपर क्रॉस आला की बाहेर झेपावतो की रेषेवर थांबतो? जोडीदार चेंडूवर आधी तुटून पडणारा आहे की मागे राहून सांभाळणारा? कारण दोघंही एकाच चेंडूला गेले तर मागे खिंडार पडतं. लेफ्ट-बॅक खरोखर डावखुरा आहे की उजव्या पायाच्या माणसाला तिथे निभावून नेलंय? कॉर्नरच्या वेळी इथे जागा राखतात की माणूस धरतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलतं कोण? ड्रेसिंग रूममध्ये ज्याचं ऐकलं जातं तो कर्णधारच असतो असं नाही. ही सगळी माहिती कुणी लिहून देत नाही. मुरलेला माणूस ती पहिल्या अर्ध्या तासात टिपतो आणि लगेच स्वतः बोलायला लागतो. ‘मॅन ऑन’, ‘टाइम’, ‘अवे’, ‘सेकंड बॉल’: चार-पाच शब्दांचीच ही भाषा, पण नेमक्या क्षणी नेमका शब्द पडला तर शेजारच्या एकोणीस वर्षांच्या पोराला मान न वळवता मागचं दिसतं. हिवाळ्यात मैदान जड झालेलं असतं, चेंडू वरून येतो, पहिली उडी कुणी जिंकली यापेक्षा खाली पडलेला चेंडू कुणाच्या पायाशी आला यावर सामना फिरतो. तो कुठे पडेल याचा अंदाज शंभर मैदानांवर खेळून येतो. धावून जाण्याचा वेग गेलेला असतो, पण धावायला लागू नये अशा जागी आधीच उभं राहणं जमू लागलेलं असतं. मोठ्या क्लबातल्या खेळाडूला एका पद्धतीत वर्षानुवर्षं घडवलं जातं, आणि त्याची किंमतही त्या पद्धतीत वाढते. या माणसाला मात्र परक्या घरात जाऊन त्याच संध्याकाळी स्वयंपाक करायचा असतो, मीठ-मसाल्याचे डबे कुठे आहेत ते विचारायला वेळ नसतो.

या कसबाची क्लबला किती गरज असते याचं सर्वांत झगझगीत उदाहरण 8 मे 1999 चं. कार्लाइल युनायटेड 1928 पासून लीगमध्ये होता आणि त्या दिवशी बाहेर फेकला जाण्याच्या बेतात होता. हंगामाच्या अखेरीस क्लबकडे धड गोलकीपर उरला नव्हता, म्हणून खेळाडू घेण्याची मुदत टळल्यावर लीगची खास परवानगी काढून स्विंडनहून जिमी ग्लासला लोनवर, म्हणजे उसनवारीवर आणलं. तो कार्लाइलसाठी अवघे तीन सामने खेळला. तिसऱ्यात, प्लिमथविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना, भरपाईच्या वेळेत कॉर्नर मिळाला. ग्लास स्वतःचा गोल मोकळा सोडून धावत पुढे आला आणि परतून आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. कार्लाइल वाचला, स्कारबरो लीगबाहेर गेला आणि 2007 मध्ये तो क्लबच बंद पडला. तो गोल नशिबाचा होता, असं म्हणता येईल. मान्य. पण नशिबाआधीचे तीन सामने नशिबाचे नव्हते. अनोळखी बचावफळीमागे उभं राहून, शहराच्या काळजाचे ठोके वाढलेले असताना, आपलं काम निमूट करण्यासाठी एक माणूस तयार होता. पुढे त्याला कार्लाइलमध्ये बस्तान मिळालं नाही. काही वर्षांतच त्याने व्यावसायिक खेळ सोडला, नंतर टॅक्सीही चालवली.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे: चांगले असते तर वर गेले नसते का? याच्या पुराव्यादाखल जेमी व्हार्डीचं नाव हमखास पुढे येतं. शेफील्ड वेन्सडेने पोरवयात सोडलेला, स्टॉक्सब्रिजमध्ये आठवड्याला 30 पौंडांवर खेळलेला, आणि 2016 मध्ये लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकलेला. मला वाटतं, या सुंदर गोष्टीने खालच्या विभागांचं नुकसानच केलं. तिच्यामुळे ही जागा म्हणजे केवळ प्रतीक्षागृह, आणि जो तिथून निघाला नाही तो गाडी चुकलेला, असं वाटू लागलं. गुणवत्तेची उतरंड असतेच, ती मी नाकारत नाही. पण उतरंडीतली जागा आणि कामातलं प्रावीण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोनी फोर्ड 1975 मध्ये ग्रिम्सबीकडून सुरू झाला आणि 2001 मध्ये रॉचडेलमध्ये थांबला, 931 लीग सामने खेळून. गोलकीपर सोडले तर इंग्लिश लीगमध्ये इतके सामने दुसरा कुणी खेळलेला नाही. सव्वीस हंगाम दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मॅनेजरने ‘हा मला हवा’ असं म्हटल्याशिवाय हा आकडा होत नाही. स्टीव्ह क्लॅरिजने 1997 मध्ये लेस्टरला लीग कप जिंकून देणारा गोल केला. मात्र त्याची हजारावी लढत डिसेंबर 2006 मध्ये बोर्नमथच्या शर्टात झाली, आणि लीगमधली त्याची सुरुवातही याच क्लबातून झाली होती. चाळिशीतल्या माणसाला क्लब दयेपोटी खेळवत नाहीत. खालच्या विभागात तर मुळीच नाही, कारण तिथे एक गुण गेला तर पुढच्या वर्षीचं उत्पन्न जातं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तिथे मला थोडं थांबावं लागतं. छोट्या क्लबने बत्तीस वर्षांच्या गुडघ्यावर तीन वर्षांचा करार का लावावा? एक दुखापत झाली की त्या पगाराने क्लब बुडू शकतो. ही भीती खरी आहे. बरी हा क्लब 2019 च्या वसंतात लीग टूमध्ये दुसरा येऊन वर चढला, तोही खेळाडूंचे पगार थकलेले असताना, आणि 27 ऑगस्टला क्लबची लीगमधूनच हकालपट्टी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅकल्सफील्डच्या खेळाडूंनी पगार न मिळाल्याने एफए कपचा सामना खेळायला नकार दिला, आणि पुढच्या सप्टेंबरात तोही क्लब न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळला गेला. पण या कहाण्या नीट पाहिल्या तर दिसतं, की हे क्लब बुडाले ते मालकांच्या कारभाराने, म्हाताऱ्या बचावपटूंच्या लांब करारांनी नव्हे. उलट, खेळाडू बिनपगारी खेळत राहिल्यामुळे ते काही महिने जास्त तगले. 2020 च्या ऑगस्टमध्ये लीगने पगारावर कमाल मर्यादा घातली, लीग वनसाठी 25 लाख पौंड आणि लीग टूसाठी 15 लाख. खेळाडूंच्या संघटनेशी ठरलेल्या रीतीने चर्चा न करता केलेला तो नियम फेब्रुवारी 2021 मध्ये लवादापुढे टिकला नाही. खर्चाला आळा हवा, हे मलाही पटतं. पण आळा घालताना ज्याच्या पगारातून कापायचं त्यालाच विचारलं नव्हतं, ही मला साधी कार्यपद्धतीची चूक वाटत नाही. त्या माणसाला किती गृहीत धरलं जातं, ते त्यातून दिसतं. छोटे करार अटळ असतील, तर निदान निर्णय मेऐवजी मार्चमध्ये कळवावा. मुलांच्या शाळा, घराचं भाडं, बायकोची नोकरी, सगळं त्या एका फोनला टांगलेलं असतं. आधी सांगितलं तर खेळाडू जीव तोडून खेळणार नाही, असं क्लब म्हणतील. करार संपतोय हे ठाऊक असूनच अकिनफेन्वा त्या पेनल्टीसमोर उभा राहिला होता.

या जगाची ओळख भारतीय फुटबॉललाही झालेली आहे. बायचुंग भुतिया 1999 मध्ये गेला तो याच बरीमध्ये, आणि जखमा, खालच्या विभागात घसरण, क्लबची दिवाळखोरी असं सगळं पाहून 2002 मध्ये परतला. उलट दिशेने इयन ह्यूम आला. ट्रॅनमियर, लेस्टर, बार्न्सली, प्रेस्टन अशी वाटचाल केलेला हा कॅनडाचा खेळाडू 2008 मध्ये कवटी फुटूनही मैदानात परतला होता. केरळ आणि कोलकात्यात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि 2018 मध्ये तो एफसी पुणे सिटीत आला. वर्षभरात पुण्याचा तो क्लबही उठला.

विम्बल्डननंतर अकिनफेन्वाला वायकम्बने घेतलं आणि 2020 मध्ये तो त्यांच्यासोबत चॅम्पियनशिपपर्यंत पोचला. असा शेवट थोड्यांच्याच वाट्याला येतो. बाकीच्यांचा जुलै वेगळा असतो. जुन्या क्लबचं बोधचिन्ह असलेल्या सरावाच्या कपड्यांत सार्वजनिक बागेत एकट्याने धावायचं, फोन खिशात नाही तर हातात ठेवायचा. मग कुठून तरी बोलावणं येतं, करार नव्हे, ट्रायल. हंगामपूर्व मैत्रीपूर्ण सामना, लाकडी कठड्याचं छोटं मैदान, दोन-चारशे प्रेक्षक. बुजलेल्या पोरांच्या मध्ये तो रांगेत उभा राहतो, गोलकीपरला विचारतो की क्रॉसला तू येणार की मी जाऊ. चारशे लीग सामने खेळलेल्या त्या माणसाचं नाव क्लबने छापलेल्या यादीत नसतं. तिथे लिहिलेलं असतं, ‘ट्रायलिस्ट ए’.