ओळींतून उमटणारा आराखडा

एका लहान कार्यालयाच्या संगणक-जाळ्याची देखभाल माझ्याकडे होती. भिंतीवरच्या आराखड्यात नसलेला एक स्विच मी निरुपयोगी समजून बंद केला आणि हिशेब विभाग दुपारभर ठप्प झाला. आराखडा जुना होता. नंतरचे बदल त्यात कुणी उतरवले नव्हते, कारण चित्राची मूळ फाइल कुणापाशीच नव्हती.

तेव्हापासून मी जाळ्याचे चित्र काढत नाही; ते लिहितो. आमच्या चेण्यावरून जाणारा घोडबंदर रस्ताच घ्या:

काशिमिरा -- चेणे
चेणे -- गायमुख
गायमुख -- ठाणे

या ओळी महिरपी कंसात घालून आधी 'ग्राफ' हा शब्द रोमन लिपीत लिहिला की 'ग्राफविझ' ही मुक्त प्रणाली चित्र तयार करते. तिची 'डॉट' भाषा देवनागरी नावेही स्वीकारते.

ग्राफविझचा जन्म एटी अँड टी बेल लॅब्समधला. तिच्या कर्त्यांनी १९९३च्या निबंधात मांडणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी प्रत्येक घटकाची पातळी ठरते. मग एका पातळीवरील घटकांचा क्रम असा लावतात, की रेषा कमीत कमी छेदाव्यात. त्यानंतर नेमक्या जागा आणि शेवटी रेषांची वळणे. पहिली पायरी हे रेषीय नियोजनाचे गणित आहे. याच शाखेत नरेंद्र करमरकर यांनी १९८४मध्ये, बेल लॅब्समध्येच असताना, आपली गाजलेली रीत मांडली होती. ग्राफविझ मात्र सिम्प्लेक्स कुळातली रीत वापरते. दुसऱ्या पायरीचे बिनचूक उत्तर मोठ्या जाळ्यात संगणकाच्याही आवाक्याबाहेर जाते. तिथे क्रम थोडाथोडा सुधारत पुरेशा चांगल्या मांडणीवर थांबावे लागते.

२०१४मध्ये 'मर्मेड' आले. त्याचा मजकूर दस्तऐवजातच लिहिता येतो आणि २०२२पासून गिटहब तो थेट चित्ररूपात दाखवते. कोणती जोडणी कधी बदलली, कुणी बदलली, हे ओळ-ओळ तपासता येते. चित्राच्या फाइलीत ते शोधणे कठीण.

अडचणीही आहेत. एक ओळ वाढवली तर कधी सगळी मांडणी हलते आणि ओळखीचे चित्र अनोळखी होते. जाळे मोठे असेल तर रेषांचा गुंता होतो; मी मजल्यागणिक वेगळे आराखडे करतो.

आणि मजकूरही शिळा होतोच. म्हणून मी एक नियम पाळतो: आधी ओळ बदलायची, मगच केबलला हात लावायचा. तो स्विच एका ओळीत नोंदलेला असता, तर ती दुपार वाया गेली नसती.