गोव्याची बोलिन्हा : नाताळचें घरगुती बिस्किट

नाताळ जवळ आला, कीं शहरांतील बेकऱ्यांच्या कांचेच्या कपाटांत केकांची आणि बिस्किटांची आरास दिसूं लागते. ती पाहून पुष्कळ गृहिणींच्या मनांत येतें, कीं असें कांहीं घरीं करावें. पण लगेच वाटतें, कीं भट्टींत भाजावयाचे पदार्थ ही परक्या हाताची विद्या. ती पोळपाट-लाटण्याच्या संसाराला साधावयाची नाहीं. हा समज किती निराधार आहे, हें गोव्याच्या ख्रिस्ती घरांत होणाऱ्या ‘बोलिन्हा’ नांवाच्या बिस्किटावरून कळून येईल. रव्यानारळाचे लाडू जिला वळतां येतात, तिला बोलिन्हेची निम्म्याहून अधिक कृति आधींच अवगत असते.

‘बोलिन्हा’ हा शब्द पोर्तुगीज असून त्याचा अर्थ लहानसा गोळा. १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. त्या दीर्घ सहवासाची खूण या बिस्किटाच्या भाजण्यांत व अंड्याच्या बलकांत राहिली आहे. नारळ मात्र गोव्याच्या परसांतलाच. नाताळांत तेथील ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, कलकल, दोदोल अशा गोड जिनसांनीं भरलेलीं ताटें शेजाऱ्यांकडे जातात. या रीतीला ‘कोन्सुआद’ असें म्हणतात. शेजार हिंदु असला तरी ताट जातें, आणि चतुर्थीला किंवा दिवाळीला त्या घरचा फराळ परत येतो. या नाताळच्या ताटांत बोलिन्हेला ठरलेली जागा असते.

साहित्य थोडें आहे. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, एका मध्यम नारळाचा चव, तीन अंड्यांचा बलक, मोठा चमचाभर लोणी, पांच-सहा वेलदोड्यांची पूड व चिमूटभर मीठ. चव खवून मग बारीक वाटून घ्यावा. रवा कोरडाच, रंग न बदलूं देतां, किंचित् भाजावा. साखरेंत अर्धी वाटी पाणी घालून एकतारी पाक करावा. त्यांत चव घालून चार-पांच मिनिटें ढवळावें. मग लोणी व मीठ घालून भांडें खालीं उतरावें, रवा मिसळावा आणि निवल्यावर झांकून रात्रभर ठेवून द्यावें.

सगळें मर्म या रात्रींत आहे. रव्याचा कण म्हणजे गव्हाचा कठीण तुकडा. तो पाणी हळूहळू पितो. त्यांतून पाकांतील साखर पाण्याला स्वतःकडे धरून ठेवते, म्हणून कणाला भिजावयास अधिकच वेळ लागतो. घाई करून तेंच मिश्रण भाजावयास घेतलें, तर बिस्किटें तडकतात आणि दाताखालीं कचकचतात. लाडू वळण्यापूर्वीं रवा पाकांत ‘मुरूं’ द्यावा, हें मराठी स्वयंपाकघरांत कोणालाहि सांगावें लागत नाहीं. बोलिन्हेचा नियम तोच आहे.

सकाळीं बलक फेटून वेलचीपुडीसह मिश्रणांत मळावा आणि अर्धा तास थांबावें. पांढरें घालूं नये. त्यांत सुमारें नऊ-दशांश पाणीच असतें, त्यामुळें मिश्रण सैल होतें आणि बिस्किट चिवट बनतें. बलकांत स्निग्धांश भरपूर असल्यानें बिस्किट खुसखुशीत राहतें आणि त्यास सोनेरी रंग येतो. नंतर लहान लिंबाएवढे गोळे करून ते किंचित् चपटे करावे, आणि कांट्यानें त्यांवर उभ्या-आडव्या रेघा ओढाव्या. या जाळीवरूनच बोलिन्हा ओळखतात.

ओव्हन आधीं १८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून, तूप लावलेल्या पत्र्यावर गोळे अंतराअंतरानें मांडून वीस ते पंचवीस मिनिटें भाजावे. रेघांचे कंगोरे तांबूस झाले, कीं बाहेर काढावे. त्या वेळीं बिस्किट बोटाला मऊ लागतें म्हणून तें कच्चें समजून पुन्हां आंत ठेवणें, ही नवशिक्या हाताची नेहमींची चूक होय. साखर निवतांना घट्ट होते, आणि बिस्किट आपोआप कडक बनतें. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत मिठाचा थर पसरावा, त्यावर तिवई ठेवावी व झांकण लावून पातेलें चांगलें तापल्यावर मंद आंचेवर भाजावें. वरची बाजू थोडी फिकी राहते. चव उणी होत नाहीं. पूर्ण निवल्यावरच बिस्किटें डब्यांत भरावीं. गरम भरलीं तर वाफेनें तीं मऊ पडतात. ओल्या नारळाचा पदार्थ फार दिवस ठेवूं नये, हें तर उघडच आहे.

आतां शहरांतून तयार मिठाईचे डबे घरोघर जातात आणि ते पुष्कळदां न उघडतांच पुढच्या घरीं पोंचतात. त्यांत गोडी असते. पण ज्या घरानें डबा पाठविला, त्या घराची चव नसते. बोलिन्हेला एक नारळ, थोडा रवा आणि एका रात्रीचा धीर एवढेंच भांडवल लागतें. तेवढें ज्या गृहिणीपाशीं आहे, तिनें यंदां दिवाळीच्या ताटाची परतफेड होण्याची वाट न पाहतां, नाताळचें ताट स्वतःच शेजारीं पाठवावें.