तान्ह्या बाळाच्या मेंदूवरील शस्त्रक्रिया

पाच किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त किती असते? किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर धरले तर अवघे ४००, म्हणजे जेमतेम दोन पेले! मोठ्या माणसाचे १०० मिलिलिटर रक्त गेले तर तो सहज सोसतो. या बाळाचा मात्र तो चौथा हिस्सा होतो. म्हणून येथे सर्जनच्या हाताइतकीच भूलतज्ज्ञाची दक्षता मोलाची. रक्ताने भिजलेले कापसाचे बोळेसुद्धा वजन करून पाहतात आणि गट जुळवलेले रक्त आधीच तयार ठेवतात.

दुसरा शत्रू थंडी. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे तेथून उष्णता झपाट्याने निघून जाते. म्हणून शस्त्रक्रियेची खोली आधी ऊबदार करतात. मोठ्यांचे डोके टोकदार खिळ्यांच्या चिमट्यात पक्के धरतात. तान्ह्याची कवटी पातळ, खिळा आत घुसण्याचे भय! त्याचे डोके घोड्याच्या नालासारख्या मऊ टेकूवर ठेवतात.

अशा शस्त्रक्रियांचे नेहमीचे कारण म्हणजे हायड्रोसेफलस, अर्थात डोक्यात पाणी साचणे. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत जॉन होल्टर या यंत्र-कारागिराने आपल्या आजारी मुलासाठी खटपट करून पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बनवली. आज झडप असलेली नळी कातडीखालून पोटात सोडतात. पण नळी केव्हाही तुंबू शकते, आणि गाव रुग्णालयापासून दूर असेल तर तेच जिवावर बेतते. ही अडचण ओळखून युगांडातील म्बाले येथे डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी दुर्बिणीने आतच पाण्याला वाट करून देण्याची आणि पाणी तयार करणारा काही भाग जाळण्याची जोड पद्धत रुजवली. तेथील १०० बाळांवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर दोन्ही पद्धतींत बौद्धिक वाढीचा लक्षणीय फरक आढळला नाही.

परंतु बाळ वेळेवर पोहोचले तरच हे सारे! शिंप्याची टेप भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत फिरवून डोक्याचा घेर दरमहा लिहून ठेवावा. जन्मतः तो साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो व पहिले तीन महिने दरमहा सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. तो याहून भराभर वाढला, टाळू फुगून ताठ झाली किंवा बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली झुकली, तर दृष्ट काढीत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी बाळाला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे.