गिटारच्या ध्वनिमंडलांसाठी क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरची निवड

विद्युत् गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत क्षीण असतो. पुढील मंडलाने त्यातून प्रवाह ओढल्यास स्वराची तकाकी लोपते. संधि-प्रकारच्या क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टरच्या गेटमधून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. म्हणून घरी बांधावयाच्या मंडलांत त्याची योजना सयुक्तिक ठरते.

तथापि एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन मंडले पुष्कळदा निरनिराळी वाजतात. याचे कारण नगानगांतील तफावत हे होय. गेट व सोर्स जोडले असता वाहणारा संपृक्त प्रवाह आणि तो प्रवाह बंद पाडणारा छेद-दाब, या दोन राशी येथे निर्णायक असतात. २एन५४५७ या प्रकारात त्या अनुक्रमे १ ते ५ मिलिअँपिअर व ०.५ ते ६ व्होल्ट, तर जे२०१ मध्ये ०.२ ते १ मिलिअँपिअर व ०.३ ते १.५ व्होल्ट असू शकतात.

९ व्होल्टांच्या बॅटरीवरील वर्धकात ६ व्होल्ट छेद-दाबाच्या नगास संकेताच्या चढउतारासाठी पुरेसा वाव उरत नाही. तेथे १ व्होल्टाच्या आसपासचा नग इष्ट होय. कला-विस्थापकाची गरज निराळी आहे. १९७०च्या दशकातील एमएक्सआर फेज ९० मध्ये चार ट्रान्झिस्टर बदलत्या रोधकांचे कार्य करतात. एकाच नियंत्रक दाबाने चौघांचा रोध सारखा बदलावा, यास्तव त्यांचे छेद-दाब जुळते असावे लागतात.

एन-प्रकारच्या नगाचे मापन सुलभ आहे. ड्रेनला ९ व्होल्ट द्यावेत, गेट भूमीस जोडावा व सोर्स १ मेगओहमच्या रोधकातून भूमीस न्यावा. रोधकावरील दाब हाच जवळजवळ छेद-दाब होय. रोधकाच्या जागी मिलिअँपिअरमापक ठेवल्यास संपृक्त प्रवाह मिळतो. बोटांची ऊब निवल्यावरच वाचन घ्यावे. सारांश, क्रमांक प्रकार सांगतो. नगाची योग्यता मापनानेच ठरते.