गाणे आणि त्याची जागा

श्रोतेहो, हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे नागनाथाचे प्राचीन देवालय आहे. त्याची एक आख्यायिका या प्रांतात लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनास उभे राहिले असता, पूजेत व्यत्यय येतो अशी सबब सांगून पुजाऱ्यांनी त्यांस मागील बाजूस घालविले. नामदेवांनी वाद घातला नाही. ते मागे गेले, तेथेच त्यांनी कीर्तन मांडले आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. नंदी जो मागे राहिला तो आजतागायत मागेच आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतही हीन जातीचा म्हणून देवळातून हुसकावले गेल्याचा आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग आला आहे.

या कथेचा ऐतिहासिक विचार पंडितांनी करावा. गाण्याबजावण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसास मात्र तीत एक फार ओळखीची गोष्ट दिसते. गाणाऱ्यास जागा दाखविणारा निराळा असतो आणि ती निभावून नेणारा निराळा. नामदेवांसाठी देऊळ फिरले; आम्हां इतरांसाठी साधा कर्णाही कोणी फिरवीत नाही!

नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि सेनगाव तालुक्यातील गोरेगावही याच जिल्ह्यातले. गोरेगावासारख्या गावी सप्ताह बसला किंवा भजनाची बारी ठरली, म्हणजे जागा कोणत्या मिळतात? देवळाचा सभामंडप, शाळेचे पटांगण, बाजाराचा चौक, नाही तर पत्र्याचे छप्पर. यांपैकी एकही जागा गाण्यासाठी म्हणून बांधलेली नसते. प्रत्येकीचा दोष निराळा. परंतु तो कशामुळे उत्पन्न होतो हे कळले, तर त्यावरचा इलाज बहुधा फुकट असतो.

प्रथम उघडे पटांगण घेऊ. मोकळ्यावर आवाज चहूकडे पसरतो; अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते. याहून मोठी अडचण अशी की, मागे भिंत नसल्यामुळे गाणाऱ्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानी परत येत नाही. आपण पुरेसे मोठ्याने गात नाही असे त्यास वाटू लागते, तो गळा ताणतो, आणि मध्यरात्रीच्या आत आवाज बसतो. वाईट जागेची पहिली खूण हीच, की तेथे गाणाऱ्यास स्वतःचे गाणे ऐकू येत नाही. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा उष्ण असते, म्हणून ध्वनी वर वळून निघून जातो. रात्री जमीन निवाली की तोच ध्वनी खाली वळतो आणि दूरच्या वस्तीपर्यंत पोचतो. आपल्या पूर्वजांनी कीर्तन रात्री ठेवले ते केवळ दिवसा शेतीची कामे असतात म्हणून, असे समजण्याचे कारण नाही.

दगडी सभामंडपाचा दोष याच्या उलट आहे. तेथे आवाज जातच नाही. भिंतीभिंतींवर आपटून घुमत राहतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. 1895 साली वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे त्याची चौकशी सोपविण्यात आली. त्याने रात्रीच्या वेळी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून त्या खोलीत मांडल्या, मोजमापे घेतली, आणि गाद्या, कापड व प्रत्यक्ष माणसांची अंगे ध्वनी शोषून घेतात, हे आकड्यांनी सिद्ध केले. म्हणून दुपारी रिकाम्या मंडपात जी तान नुसता गोंगाट वाटते, तीच रात्री मंडप माणसांनी भरल्यावर स्वच्छ उमटते. भिंतींवर चार सतरंज्या टांगल्या तरी पुष्कळ काम होते. गाणाऱ्यानेही अशा जागी लय थोडी संथ ठेवावी.

पत्र्याच्या छपराची गोष्ट अनुभवाची आहे. एका गावी मी पेटीच्या साथीस बसलो असता पावसाची सर आली. बुवांचे ओठ हलत होते एवढेच मला दिसे. त्या ओठांकडे पाहूनच मी सूर धरले. इकडे दमट हवेने पखवाजाचे कातडे सैल पडून त्याचा सूर उतरला. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे, ते हवेने असे उतरत नाहीत. पेटी एकीकडे, पखवाज दुसरीकडे आणि मध्ये बिचारे बुवा, अशी स्थिती झाली. शेवटी बुवांनी अभंग थांबवून नामघोष धरला, लोकांनी टाळ्यांनी साथ केली, आणि पाऊस ओसरेपर्यंत ती रात्र तरून गेली.

बुवांची ती युक्ती नवी नव्हती. वारकरी कीर्तनाची मांडणीच वाईट जागा गृहीत धरून झाली आहे की काय, असे वाटते. टाळकरी कीर्तनकाराच्या मागे अर्धवर्तुळात उभे राहतात, तीच त्याची भिंत. टाळाचा तीक्ष्ण नाद वाऱ्यातही लय सुटू देत नाही. धृपद सर्वांनी उचलले, की एका गळ्याचा भार वीस गळ्यांवर पडतो आणि बुवांस श्वास घेण्यास अवकाश मिळतो.

1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्या काळी गायक नटांस शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोचावे लागे. पुढे ध्वनिक्षेपक आला आणि गळ्याचे कष्ट वाचले. परंतु कर्णे गाणाऱ्याच्या पाठीशी बांधले, तर त्यांचाच आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरून कानठळ्या बसविणारी शीळ निघते. कर्णे नेहमी गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत.

थोर कलावंत कोठेही गातो, हे खरे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासेकडून पाँडिचेरीस जात असता प्रकृती बिघडल्याने सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर उतरले. तेथेच फलाटावर त्यांनी दरबारी रागात प्रार्थना गायिली आणि देह ठेवला, असे सांगतात. त्या फलाटास मैफलीची योग्यता आली ती खाँसाहेबांमुळे. परंतु त्यावरून आपल्या गवयास फलाटावर बसविण्याचा अधिकार कोणास मिळत नाही.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या पेठेत किंवा आपल्या मूळ गावी पुढच्या वेळी मंडप घालण्याचा प्रसंग येईल, तेव्हा कमानीचा व दिव्यांचा विचार अवश्य करा. पण त्याआधी गाणाऱ्यास एकदा बोलावून, जागेवर उभे करून विचारा, ‘बुवा, येथे आपणांस आपला आवाज ऐकू येतो काय?’ नाही म्हणाले, तर व्यासपीठ हलवा. देऊळ फिरविण्यास नामदेव लागतात. व्यासपीठ हलविण्यास चार माणसे पुरतात.